‘बठ्ठा’ या शब्दाची साक्ष

१

गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी सातच्या एस.टी.नं मी जळगावहून धुळ्याला जायची. एरंडोलला चहा, पारोळ्याला डुलकी, आणि साडेनऊ-दहाला देवपुरातल्या नानांच्या घराचा जिना. मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. म्हणजे पोरांच्या पेपरांना लाल शाईची अंघोळ घालते, असं आमचे हे म्हणतात. म्हणायचे.

ज्ञानेश्वर नाना हे माझे कॉलेजातले सर. त्यांच्याकडे एका जुन्या इंग्रजी शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड आहेत, उचलायचे तर पोटाशी धरून उचलावे लागतात. त्यात शब्दाचा अर्थ दिला, की खाली लगेच कुणातरी लेखकाचं वाक्य. कधी कवीचं, कधी धर्मोपदेशकाचं, कधी फळबागेवर पुस्तक लिहिणाऱ्या एखाद्याचं. नाना वर्गात अर्थ सांगायचेच नाहीत, ती वाक्यं वाचून दाखवायचे. "अर्थ काय, कुणीही सांगेल," म्हणायचे, "हा शब्द खरंच कुणाच्या तोंडी होता, त्याला साक्षीदार आणा."

त्याच धर्तीवर नाना आपल्या खान्देशी बोलीचा कोश करत होते. त्यांना लेखक नको होते, बोलणारी माणसं हवी होती. प्रत्येक शब्दाची एक छापील चिठ्ठी: शब्द, वाक्य, बोलणाऱ्याचं नाव, गाव. एक नियम मात्र त्यांनी इंग्रजी कोशातून जसाच्या तसा उचलला होता. त्या कोशकारानं म्हणे ठरवलं होतं, हयात असलेल्या लेखकाचं वाक्य घ्यायचं नाही. उगाच मुलाहिजा नको, रुसवेफुगवे नकोत. नानांचं कारण वेगळं होतं. "जिवंत माणूस उद्या बोलणं फिरवतो. गेलेला फिरवत नाही." म्हणून चिठ्ठीवर नावाच्या आधी त्यांनी ‘कै.’ छापूनच घेतलं होतं.

"पण नाना," मी एकदा विचारलं होतं, "त्या इंग्रजाकडून एकदाही नियम मोडला नाही?"

"मोडला ना. दोन-चार ठिकाणी. मायेपोटी." एवढं बोलून त्यांनी खंड मिटला होता.

चिठ्ठी खोक्यात टाकण्याआधी वाक्य एकदा मोठ्यानं वाचायचं, ही नानांची पद्धत. मी वाचायची, नाना डोळे मिटून ऐकायचे. मध्येच आतल्या खोलीतून, पडद्यामागून, त्यांच्या पत्नीचा, प्रमिलाबाईंचा आवाज यायचा, "तिले पाणी दिधं का?" नाना म्हणायचे, "दिलं, दिलं." प्रमिलाबाई अंथरुणाला खिळल्या असाव्यात, असं मी धरून चालले होते. पहिल्याच रविवारी मी आत जायला निघाले, तर नाना म्हणाले, "राहू दे. तिला नाही आवडत." आजारी माणसाच्या खोलीत डोकावणं मलाही बरं वाटत नाही.

२

गंमत बघा, कुणी कधी न वापरणाऱ्या शब्दांच्या आमच्याकडे दहा-दहा चिठ्ठ्या. आणि रोजचे, घरोघरचे शब्द कोरडे ठणठणीत. ‘ब’चं खोकं संपत आलं तेव्हा लक्षात आलं, ‘बठ्ठा’ची चिठ्ठीच नाही! खान्देशात दिवसाला शंभरदा बोलला जाणारा शब्द. ‘शे’ची, म्हणजे ‘आहे’ची, तीही नाही. "सगळेच बोलतात, म्हणून कुणी टिपलंच नाही," नाना म्हणाले. "पुढच्या रविवारी ‘बठ्ठा’ आण. ‘शे’चं मागाहून बघू."

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. अमृत चोपड्याचे, केळीवाल्यांच्या घरातले, नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात. मूलबाळ आम्हाला नाही. घरात आवाज म्हणून होता तो ह्यांचाच. काय बोलायचे हा माणूस! भाजीवालीशी बोलायचे, कुकरशी बोलायचे, टीव्हीतल्या बातमीदाराशी भांडायचे. मी वैतागायची. "जरा तोंडाला विश्रांती द्या," हे माझं पालुपद. जीभ झडली असती माझी तेव्हा.

त्या शनिवारी माझी नणंद रूपा मुलाबाळांसह आली होती. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, सगळ्यांनी ताव मारला आणि साडेतीनच्या सुमाराला गेले. हे पहिली पाळी करून चारला आले. मी टेबलावर चिठ्ठ्या पसरून बसलेली, जेवायला वाढायचं भानच नाही. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, हातात रिकामं स्टीलचं ताट, आणि तमाशातल्या राजासारखा चेहरा करून म्हणाले,

"बठ्ठा जेवीसन गयात, मी एकलाच ऱ्हायनू!"

सगळे जेवून गेले, मी एकटाच राहिलो. ‘गयात’ म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच थोडं हसू आलं. मग ताट फरशीवर ठेवलं, टण्ण, आणि मांडी घालून बसले. डायनिंग टेबलावर त्यांना घास गिळवत नाही.

मी हसता हसता तव्यावर भाकरी टाकली आणि ते वाक्य चिठ्ठीवर उतरवलं. नावाच्या जागी ‘अमृत’, गाव ‘चोपडा’. आधीचं छापील ‘कै.’ दिसलं. खोडायला पेन टेकवलं, तोच तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि मी उठले.

रविवारी इतर चाळीस चिठ्ठ्यांत मी तीही वाचली. नाना डोळे मिटून म्हणाले, "वा. खणखणीत आहे." माणूस कधी गेला, हे त्यांनी विचारलं नाही. का विचारतील? ‘कै.’ छापलेलंच होतं. मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. माझा नवरा पुस्तकात जातोय, याचं मला कौतुक वाटत होतं. त्या इंग्रजासारखंच, मायेपोटी.

३

सोमवारी दुपारी स्टाफरूममधून ह्यांना फोन लावला. "अहो, येताना दही आणाल का?"

"बठ्ठा जेवीसन गयात, मी एकलाच ऱ्हायनू."

"पुरे हो नाटकं. अर्धा किलो आणा."

ह्यांच्या फोनमागे नेहमी यंत्रांची घरघर असते, ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी मागे काहीच नव्हतं. एखाद्या बंद घरात असावी तशी शांतता, आणि मग, टण्ण. ताट फरशीवर ठेवल्याचा आवाज. "तुम्ही घरी आलात का?" मी विचारलं. फोन बंद झाला.

चारला घरी पोचले तर दाराला कुलूप. आत स्वयंपाकघरात फरशीवर मधोमध ताट. स्वच्छ, कोरडं. सकाळी घासून मांडणीत लावल्याचं मला पक्कं आठवत होतं. पण माणसाचं आठवणं ते काय! चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधणारी बाई मी. मीच विसरले असेन, म्हटलं.

हे पाचला आले, हातात डबा, तोंडाची टकळी चालू. दही नाही.

"दही?" हे म्हणाले. "फोन कधी केलास तू? माझा फोन दिवसभर लॉकरात होता, दिपा."

मी माझा फोन काढून बघितला. एक वाजून दहा मिनिटं, चाळीस सेकंद बोलणं. त्यांच्या फोनात काहीच नव्हतं. "कंपनीचा घोटाळा," मी म्हणाले. हेही म्हणाले, असेल. मग आम्ही बिनदह्याची खिचडी खाल्ली.

४

बुधवारी हे लहानपणची म्हैस हरवल्याची गोष्ट सांगत होते. शंभरदा ऐकलेली. ऐन रंगात आले, आणि मध्येच तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं. हे थबकले. "हे काय बोललो मी?"

"काय की. भूक लागली असेल."

हसले. शुक्रवारी तीनदा झालं. शनिवारी भाजीवालीनं विचारलं, "भाऊ, मेथी देऊ का?" तर तिलाही तेच. ती खो खो हसली, "मंग या आमना घर जेवाले!" हे मात्र हसले नाहीत. घरात येऊन पाणी प्यायले आणि माझ्यासमोर बसले.

"दिपा, खरं सांग. तू मला तुझ्या त्या चिठ्ठीत घातलं का?"

काय कुणास ठाऊक, लाज वाटली म्हणा, भीती म्हणा. "छे! जिवंत माणसाचं वाक्य नाना घेतातच कुठे?"

"मग बरंय," हे म्हणाले. ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. वीस वर्षं ठेवत आले होते.

त्यानंतर शब्द गळायलाच लागले. आधी लांबलचक गोष्टी गेल्या, मग नावं. रूपाचं नाव आठवेना. मग माझंही. मला हाक मारायला तोंड उघडायचे, ओठ ‘दि’चे व्हायचे, आणि बाहेर यायचं ते वाक्य. सगळ्यात वाईट काय सांगू? प्रत्येक वेळी तंतोतंत तसंच. ‘गयात’नंतरचं ते हसूसुद्धा. डोळ्यांत पाणी, भीतीनं चेहरा पांढराफटक, आणि आवाजात मात्र त्या शनिवारचं हसू.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. सगळं नॉर्मल. "ताण आहे, आराम द्या," म्हणाले. मी मान डोलावली. ताण असतो, माणसं अडखळतात, बरी होतात, मीही वाचलंय. रजेचा अर्ज लिहायला ह्यांना कागद दिला. हे बराच वेळ लिहीत होते. पानभर तेच वाक्य होतं, सुंदर, वळणदार अक्षरात. मी तो कागद चुरगाळला आणि मग पुन्हा सरळ करून कपाटात ठेवला.

५

या गडबडीत एक रविवार बुडाला होता. पुढच्या रविवारी ह्यांना शेजारच्या सुनंदाबाईंच्या हवाली करून मी धुळे गाठलं. एरंडोलला चहा घेतला नाही, पारोळ्याला डोळा लागला नाही.

नानांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील, वेडी म्हणतील. मला तेच हवं होतं. नाना हसले नाहीत.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"पंधरा."

"अजून दुसरं काही बोलतात?"

"‘अं’ म्हणतात. बस."

आतून आवाज आला, "तिले पाणी दिधं का?"

"दिलं, दिलं," नाना म्हणाले. पाणी दिलेलं नव्हतं. त्यांनी उठायचंही मनात आणलं नव्हतं.

मी ऐकत राहिले. ‘का’च्या आधी खोकल्याची एक बारीकशी उबळ होती. मागच्या वेळीही होती. पहिल्या रविवारी, सहा वर्षांपूर्वी, तेव्हाही होती. उन्हाळा, पावसाळा, सर्दी, दमा, माणसाच्या आवाजात काही बदल होतोच ना? मी उठले.

"दिपमाला, नको," नाना म्हणाले.

मी पडदा सारला.

खाट नव्हती. अंथरूण नव्हतं. जमिनीपासून छतापर्यंत साड्यांची जुनी खोकी, चिठ्ठ्यांनी भरलेली. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली. मधोमध फरशीवर पाण्यानं भरलेलं एक फुलपात्र होतं, आणि त्यातलं पाणी हलत होतं, कुणीतरी नुकतंच खाली ठेवावं तसं. मी बघत असताना ते हळूहळू स्थिर झालं. मग माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून, भिंतीला टेकून बसलेल्या बाईचं तोंड जिथे येईल तिथून, अगदी जवळून आवाज आला. आधी खोकल्याची उबळ. मग ‘का’.

मी बाहेर येऊन खुर्चीत बसले.

"कधी गेल्या?"

"पोळ्याला सात वर्षं होतील."

"आणि वाक्य कधी घेतलंत?"

"ती असताना. पहिलीच चिठ्ठी होती कोशाची." नानांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. "नियम मागाहून केला मी. ‘कै.’ म्हणूनच छापून घेतलं, की पुन्हा कुणाच्या हातून चूक व्हायला नको."

"मग ह्यांची चिठ्ठी काढा! फाडा ती! तुम्ही प्रमिलाबाईंची का नाही फाडलीत?"

"फाडली तर सगळं बोलणं परत येईल, की आहे तेवढंही जाईल?" नाना म्हणाले. "मला माहीत नव्हतं. माझा हात धजला नाही. सांग, तुझा धजेल?"

त्यांनी ‘ब’च्या खोक्यातून चिठ्ठी काढून माझ्या हातावर ठेवली. सोबत दोन-तीन कोऱ्या चिठ्ठ्या चिकटून आल्या होत्या. मी सगळ्याच पर्समध्ये कोंबल्या.

६

घरी पोचले तर चार वाजले होते. सुनंदाबाई म्हणाल्या, "जेवलेच नाहीत हो. ताट घेऊन बसलेत केव्हाचे." त्या गेल्या. हे स्वयंपाकघरात फरशीवर, रिकाम्या ताटासमोर. माझ्याकडे बघून तोंड उघडलं.

"बठ्ठा जेवीसन गयात, मी एकलाच ऱ्हायनू."

"नाही हो," मी म्हणाले. "मी खोटं बोलले तुमच्याशी. मीच घातलं तुम्हाला त्यात. आता काढते." ह्यांना कळलं. ह्यांनी मान हलवली, रागानं नाही. माझ्यावर कधी रागावले नाहीत हे.

मी गॅस पेटवला आणि चिठ्ठीचा कोपरा ज्योतीवर धरला. कागद तपकिरी झाला.

मागे आवाज आला, "बठ्ठा जे—"

वळून पाहिलं. हे बोलत होते, आवाज नव्हता. ओठ हलत होते, छाती वरखाली होत होती, नुसती तडफड. बाहेर रिक्षा गेली तिचा आवाज आला, फ्रिजची गुणगुण आली, फक्त ह्यांचा येईना. जन्मभर ज्याला ‘गप्प बसा’ म्हटलं, तो माणूस माझ्यासमोर गप्प झाला होता. मी ओरडले, चिठ्ठी तळहातात दाबून विझवली. हात भाजला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग अगदी खोलवरून आलं,

"…मी एकलाच ऱ्हायनू."

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसून ढसाढसा रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा तेच म्हणाले. त्यांच्याकडे दुसरं होतं काय?

वीस वर्षांत खान्देशी बोलायला मी कधी तोंड उघडलं नव्हतं. हे चिडवायचे, "मास्तरीणबाईची जीभ विलायतेहून आली." त्या दिवशी डोळे पुसले, कोरी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं. शब्द: शे. वाक्य: "मी शे ना. बठा, वाढस." मी आहे ना. बसा, वाढते. छापील ‘कै.’पुढे स्वतःचं नाव घातलं. पेन हातात होतं, खोडायला वेळही होता. खोडलं नाही.

पुढच्या रविवारी दोन्ही चिठ्ठ्या नानांपुढे ठेवल्या, कोपरा जळलेली आणि नवी.

"विचार कर, बेटा," नाना म्हणाले.

"केला. एकटे कसे राहतील हो ते?"

मी वाक्य मोठ्यानं वाचलं. नानांनी डोळे मिटले. आतून प्रमिलाबाईंचा आवाज आला, "तिले पाणी दिधं का?" या वेळी मीच उत्तर दिलं, "दिधं, माय."

७

माझं आधी इंग्रजी गेलं. वर्गात फळ्यासमोर उभी राहिले आणि खिडकीला काय म्हणतात ते आठवेना. पोरांना वाटलं, बाई परीक्षा बघताहेत. आता रजेवर आहे. परवा नानांचा फोन आला तेव्हा नाव आठवलं नाही, आवाजावरून ओळखलं. म्हणून हे घाईघाईनं लिहितेय. लिहिणं अजून शाबूत आहे, पण आज सकाळपासून मध्येच हात वळतो आणि तेच वाक्य उमटतं. तीन पानं फाडावी लागली.

सगळं वाईटच आहे असं नाही. दुपारी चारला हे ताट ठेवतात, टण्ण. म्हणतात ते म्हणतात. मी म्हणते माझं. आणि देवाशपथ सांगते, ‘गयात’नंतरचं ते हसू आता ह्यांच्या डोळ्यांतही येतं. डॉक्टरांना विचाराल तर म्हणतील, नवऱ्याचं बघून बायकोला झालं, धक्का आहे. असेलही.

फक्त कालची एक गोष्ट. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो होतो, चार वाजून गेले होते. सुनंदाबाई विरजण मागायला वाटी घेऊन आल्या. दार उघडंच होतं. "दिपाताई, आहात का?" म्हणत थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मी शे ना. बठा, वाढस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ह्यांच्याकडेही नाही. आवाज कुठून आला ते शोधत त्यांची नजर आमच्यावरून गेली, ओट्यावर, मांडणीवर, छतावर. मग फरशीवरच्या ताटावर थांबली. त्यांच्या हातातली वाटी गळून पडली. "कुणी आहे का?" त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, चपला तशाच टाकून पळाल्या.

बाहेरून लख्ख उन्हातून आल्या होत्या, आत अंधारी आली असेल डोळ्यांपुढे. होतं असं. मी हाक मारून सांगणार होते, पण दुसरे शब्द सापडले नाहीत.

वाटी अजून तिथेच आहे. चार वाजत आले. हे ताट घेऊन दारात उभे आहेत, भाकरी गरम आहे, आणि मला आता वाढायला उठायला हवं.